डब्यातली जागा आपण ठरवायची: ओपन रेल्समध्ये स्वतःचा कॅमेरा कसा बसवायचा

ओपन रेल्स या संगणकावर रेल्वे चालवायच्या सिम्युलेटरमध्ये गाडी सुरू करून ५ चं बटण दाबलं की आपण डब्यात जाऊन बसतो. पण बसतो कुठे? ज्याने तो डबा बनवला, त्याने ठरवून दिलेल्या एकाच जागी. बऱ्याच डब्यांत ही जागा मधोमध असते, पुढे तोंड करून, आणि खिडकी कुठेतरी कडेला राहते. साताऱ्याच्या स्टेशनात गाडीत चढणारा माणूस आधी खिडकी शोधतो, आणि कोणत्या बाजूची खिडकी धरायची हेही त्याला माहीत असतं. मिरजेहून पुण्याकडे निघालं तर सह्याद्री डाव्या हाताला राहतो. ज्याला डोंगर बघायचे आहेत तो डावीकडेच बसणार. सिम्युलेटरमध्येही ही निवड आपल्या हातात असते, फक्त ती कशी करायची हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

त्यासाठी मॉडेल बनवता यायला हवं असं नाही. प्रोग्रामिंगही लागत नाही. दहा-बारा ओळींची एक साधी मजकुराची फाइल लिहायची, ती योग्य फोल्डरमध्ये ठेवायची, एवढंच. खरं काम आकडे ठरवण्याचं आहे, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी त्यालाच दिली आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगतो, कारण तिच्यावाचून फाइलींची रचना कळत नाही. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला. ओपन रेल्स हा त्याच्याच जुन्या फाइली वाचणारा, पण स्वतंत्रपणे लिहिलेला मोफत सिम्युलेटर आहे. प्रत्येक डब्याची माहिती वॅग फाइलमध्ये आणि इंजिनाची माहिती ईएनजी फाइलमध्ये ठेवायची, ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या त्या सिम्युलेटरपासून चालत आली आहे. वजन, ब्रेक, आवाज, कपलिंग हे सगळं त्यातच असतं. कॅमेऱ्याची जागाही त्यातच असते.

कोणते कॅमेरे आपल्या हातात आहेत हेही आधीच पाहून घ्या. १ म्हणजे चालकाची केबिन, २ आणि ३ म्हणजे गाडीबरोबर बाहेरून चालणारे कॅमेरे, ४ म्हणजे रुळाच्या कडेला उभं राहून बघणं, ५ म्हणजे डब्याच्या आत. २, ३ आणि ४ यांची जागा सिम्युलेटर स्वतः ठरवतो, डब्याच्या फाइलमध्ये त्यांच्यासाठी काही लिहायचं नसतं. डब्याच्या आतला कॅमेरा, इंजिनातून डोकं बाहेर काढून बघायचा कॅमेरा आणि थ्रीडी केबिनमधला चालकाचा डोळा हे तीन मात्र वाहनाच्या फाइलमधून येतात. यातला पहिला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात सोपा. नव्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

एक सूचना. या लेखात फाइलमधले शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन लिपीत, मधे जागा न सोडता, एकाला एक जोडून लिहायचे. अंकही इंग्रजीच वापरायचे. स्पेलिंगबद्दल शंका असेल तर आतून दिसणाऱ्या एखाद्या डब्याची वॅग फाइल उघडा. बहुतेक शब्द तिथे तयार सापडतील, तिथून उचलून चिकटवा. हाताने टाइप करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आधी डोळा कुणाचा ते ठरवा

फाइल उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: मी कोण आहे आणि कुठे आहे. "डाव्या बाजूला खिडकीशी बसलेला प्रवासी." "दाराशी उभा असलेला माणूस." "ब्रेक व्हॅनच्या, म्हणजे मालगाडीच्या शेवटी लागणाऱ्या गार्डच्या डब्याच्या, व्हरांड्यात मागे तोंड करून उभा असलेला गार्ड." हे लिहिलं की निम्मे आकडे आपोआप ठरतात. बसलेल्या माणसाचा डोळा आणि उभ्या माणसाचा डोळा यांत तीस-पस्तीस सेंटिमीटरचा फरक असतो. तेवढ्या फरकानेही सगळं दृश्य बदलतं. बसलेल्याला खिडकीची चौकट दिसते, उभ्याला समोरच्या बर्थची कड.

हे न ठरवता आकडे खालीवर करत बसलात तर कॅमेरा हवेत तरंगल्यासारखा वाटतो, आणि का तसा वाटतो ते सापडत नाही. कारण एकच, त्या उंचीवर कुणाचा डोळा नसतोच.

तीन आकडे

कॅमेऱ्याची जागा तीन आकड्यांनी सांगायची असते, आणि तिन्ही मीटरमध्ये. क्रम ठरलेला आहे: एक्स, वाय, झेड.

एक्स म्हणजे आडवं. डब्याचा मध्य शून्य, उजवीकडे गेलं की अधिक, डावीकडे गेलं की उणे. वाय म्हणजे उंची, आणि ती डब्याच्या जमिनीपासून नाही तर रुळाच्या माथ्यापासून मोजायची. नवीन माणूस इथे हमखास अडकतो, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. झेड म्हणजे लांबी. डब्याचा मध्य शून्य, पुढच्या टोकाकडे अधिक, मागच्या टोकाकडे उणे.

आता आपल्या ओळखीचा डबा घेऊ. निळ्या रंगाचा जुन्या बनावटीचा, म्हणजे आयसीएफ डबा २१.३३७ मीटर लांब आणि ३.२४५ मीटर रुंद असतो. म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूची भिंत साधारण १.६२ मीटरवर, आणि दोन्ही टोकं साधारण १०.६७ मीटरवर. नव्या बनावटीचा, म्हणजे एलएचबी डबा लांबीला जास्त, साधारण २३.५ मीटर, पण रुंदी जवळपास तेवढीच. म्हणून आयसीएफसाठी ठरवलेला एक्स एलएचबीला बहुधा चालतो, झेड मात्र नव्याने काढावा लागतो.

खिडकीशी बसलेल्या माणसाचं डोकं भिंतीला टेकलेलं नसतं. भिंतीची जाडी आणि खांदा धरून चाळीस सेंटिमीटर आत या. डावी खिडकी हवी तर एक्स झाला -१.२. आता उंची. डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास असते. बाकावर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर येतो. बेरीज केली की वाय झाला २.४५. उभ्या माणसासाठी १.२ च्या जागी १.५५ धरा, म्हणजे २.८.

झेडसाठी मात्र अंदाज चालत नाही. मॉडेल बनवणाऱ्याने बाक नक्की कुठे ठेवले आहेत ते बघावंच लागतं. दोन बाकांच्या मधली जागा आणि बाकावरची जागा यांत अर्ध्या मीटरचा फरक, आणि तेवढ्यात कॅमेरा पाठीच्या फळीत जाऊन बसतो. सुरुवातीला ३.० असा कोणताही आकडा घ्या, चालवून बघा, आणि मग २०-२० सेंटिमीटरने सरकवा.

डब्याची मापं माहीत नसतील तर त्याच्याच वॅग फाइलमध्ये साइझ नावाची ओळ असते. तिच्यात रुंदी, उंची, लांबी या क्रमाने तीन आकडे असतात. ही मापं मॉडेलशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, पण कॅमेरा डब्याच्या बाहेर जाणार नाही एवढं त्यावरून नक्की कळतं.

मला सगळ्यात आवडणारा मार्ग वेगळाच आहे: खऱ्या डब्यात टेप घेऊन बसायचं. मिरजेसारख्या जंक्शनवर गाडी जरा जास्त थांबते. तेवढ्यात जमिनीपासून बाकाची उंची, बाकापासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, दोन समोरासमोरच्या बाकांमधली जागा एवढं मोजून होतं. घरी आल्यावर ते आकडे घातले की पडद्यावरची खिडकी आपल्या ओळखीची वाटू लागते. मापं घ्यायची ती फलाटाला उभ्या असलेल्या गाडीत आणि आतूनच. रुळावर उतरायचं नाही, पायरीवर लोंबकळायचं नाही. पायरीवर, छतावर किंवा इंजिनावर चढून प्रवास करणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ प्रमाणे गुन्हा आहे. धावत्या गाडीच्या दारात उभं राहून बघायची हौस आपण सिम्युलेटरमध्ये भागवू.

नजर कुठे आणि किती

जागेनंतर दिशा. स्टार्टडायरेक्शन या ओळीत तीन कोन असतात, अंशांमध्ये. पहिला वरखाली, दुसरा डावीउजवीकडे, तिसरा शून्यच ठेवायचा. पहिला आकडा अधिक असेल तर नजर खाली झुकते. ३ ते ५ अंश खाली झुकवली की क्षितिज पडद्यावर थोडं वर येतं आणि जमीन जास्त दिसते. दुसरा आकडा अधिक म्हणजे उजवीकडे, उणे म्हणजे डावीकडे. वळण उलट्या बाजूला आलं तर चिन्ह बदला, बाकी काही शोधत बसू नका.

खिडकीतून बघताना बरेच जण थेट ९० अंश वळवतात. मी तसं करू नका म्हणेन. ९० अंशांवर समोरून सगळं आडवं पळतं आणि पाच मिनिटांत डोळे शिणतात. खिडकीशी बसलेला माणूस गाडीच्या दिशेने तिरका बघतो, येणारं गाव त्याला आधी दिसतं. म्हणून -६० च्या आसपास ठेवा. आदर्कीसारख्या घाटाच्या वळणावर अशा तिरक्या नजरेला आपलंच इंजिन पुढे वळताना दिसतं, आणि घाटात डब्यातून बघायची खरी गंमत तीच आहे.

रोटेशनलिमिट म्हणजे माउसने मान किती फिरवता येईल. जुन्या डब्यांत तिथे बहुधा ५० २७० ० असं लिहिलेलं असतं. तेच ठेवा.

फाइल लिहिणे

मूळ वॅग फाइलला हात लावायचा नाही. ओपन रेल्सने त्यासाठी चांगली सोय केली आहे. डब्याच्या फोल्डरमध्ये ओपनरेल्स नावाचं एक फोल्डर बनवायचं, नाव रोमनमध्ये, मधे जागा न सोडता. त्यात मूळ वॅग फाइलच्याच नावाची एक नवी फाइल ठेवायची. डबा उघडताना सिम्युलेटर आधी या आतल्या फोल्डरमध्ये बघतो. तिथे त्या नावाची फाइल मिळाली तर तीच वाचतो. आपल्या फाइलमध्ये पहिल्यांदा "मूळ फाइल वाच" अशी ओळ असते आणि तिच्या खाली आपली भर. काही बिघडलं तर आपली फाइल काढून टाका, डबा होता तसा परत मिळतो.

डबा सापडेल तो असा: तुमच्या सामग्रीच्या मुख्य फोल्डरमध्ये ट्रेन्स, त्यात ट्रेनसेट, त्यात प्रत्येक डब्याचं स्वतंत्र फोल्डर.

आता त्या मूळ वॅग फाइलमध्ये इनसाइड नावाचा भाग आहे का ते शोधा. तो असेल तर त्या डब्याला आतली एक जागा आधीच आहे आणि आपण तिला जोडून आणखी जागा देऊ शकतो. फाइल अशी दिसेल:

(ही पहिली ओळ रिकामी)
इन्क्लूड ( "../मूळफाइल.वॅग" )
वॅगन (
ओआरटीएसऑल्टरनेटपॅसेंजरव्ह्यूपॉइंट्स (
ओआरटीएसऑल्टरनेटपॅसेंजरव्ह्यूपॉइंट (
पॅसेंजरकॅबिनहेडपॉस ( -१.२ २.४५ ३.० )
रोटेशनलिमिट ( ५० २७० ० )
स्टार्टडायरेक्शन ( ३ -६० ० )
)
ओआरटीएसऑल्टरनेटपॅसेंजरव्ह्यूपॉइंट (
पॅसेंजरकॅबिनहेडपॉस ( १.२ २.४५ -४.० )
रोटेशनलिमिट ( ५० २७० ० )
स्टार्टडायरेक्शन ( ३ ६० ० )
)
)
)

पहिली ओळ खरोखर रिकामी ठेवायची, तिथे कंसातला माझा शब्दही नको. दुसऱ्या ओळीतल्या दोन टिंबांचा आणि तिरक्या रेघेचा अर्थ "एक फोल्डर वर जा" असा. बाहेरच्या लांब शब्दाच्या शेवटी व्ह्यूपॉइंट्स असं अनेकवचन आहे, आतल्या शब्दात एकवचन. ते एक अक्षर विसरलं की कॅमेरा येत नाही आणि चूक डोळ्याला दिसतही नाही. प्रत्येक नवी जागा म्हणजे एकवचनी शब्दाचा एक नवा कंस. चार जागा हव्या असतील तर चार कंस.

उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला आहे ना, हे मोजून बघा. मी कंस उघडला की लगेच खालच्या ओळीत तो बंद करून टाकतो आणि मग आतला मजकूर भरतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

फाइल साठवताना नोटपॅडमध्ये "सेव्ह ॲज" घ्या, प्रकार "ऑल फाइल्स" ठेवा आणि एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई निवडा, कारण जुन्या वॅग फाइली त्याच पद्धतीच्या असतात. विंडोज फाइलींची शेपटं लपवतो, त्यामुळे नावापुढे गुपचूप टीएक्सटी लागून राहतं आणि सिम्युलेटरला फाइल सापडत नाही. फोल्डरच्या व्ह्यू मेनूतून फाइलींची पूर्ण नावं दाखवायची सोय चालू करून ठेवा.

चालवून बघणे

सगळी चोवीस डब्यांची गाडी घेऊन तपासायला बसू नका. गाडी उघडायला वेळ लागतो, आणि प्रत्येक बदलानंतर सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. एक इंजिन आणि तुमचा एक डबा अशी छोटी गाडी बनवा, टीएसआरईसारख्या गाड्या जोडायच्या साधनात ती लगेच होते. मग सिम्युलेटरच्या सुरुवातीच्या यादीतून एक्सप्लोअर रूट निवडून एखाद्या स्टेशनात उभी करा.

५ दाबा. मूळची जागा दिसेल. आता शिफ्ट आणि ५ एकत्र दाबा. तुमची पहिली जागा यायला हवी. पुन्हा दाबलं की दुसरी. गाडीत आतून दिसणारे अनेक डबे असतील तर ऑल्ट धरून पेज अप किंवा पेज डाउन दाबलं की पुढच्या-मागच्या डब्यात जाता येतं. बटणं तुमच्याकडे वेगळी असतील तर एफ१ दाबून यादी बघा, किंवा पर्यायांमध्ये कीबोर्डचं पान उघडा.

पहिल्यांदा जागा बरोबर येणार नाही, आणि त्यात काही बिघडलं असं नाही. आता एकेक आकडा बदला, एकावेळी एकच. आधी वाय पक्का करा: खिडकीची खालची कड छातीच्या उंचीला आली पाहिजे. मग झेड: बाकाची पाठ मागे, समोरचा बाक पुढे. शेवटी एक्स. भिंतीच्या फार जवळ गेलात तर भिंतीचा तुकडाच गायब झालेला दिसेल, कारण कॅमेऱ्याच्या अगदी नाकासमोरची वस्तू सिम्युलेटर काढत नाही. दहा सेंटिमीटर आत आलं की ती परत येते.

दृश्य फार अरुंद वाटत असेल तर आकड्यांशी खेळू नका. पर्यायांमध्ये व्हिडिओच्या पानावर दृश्याचा उभा कोन असतो, मुळात ४५ अंशांवर ठेवलेला. तो ५५-६० पर्यंत नेला की डबा मोकळा वाटतो. त्याहून पुढे गेलात तर खिडक्या ताणल्यासारख्या दिसू लागतात.

उभ्या गाडीत सगळं नीट वाटलं तरी गाडी चालवून बघाच. वळणावर आणि पुलावर बघा. पुलाचे लोखंडी खांब खिडकीसमोरून जाताना उंचीतली चूक लगेच कळते. मिरजेच्या पुढे कोल्हापूरच्या रस्त्यावर कृष्णेचा पूल ज्यांनी खऱ्या गाडीतून पाहिला आहे, त्यांना खिडकीतून पाणी किती दिसायला हवं हे सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच कळते. गाडी जोडताना डबा उलटा लावला असेल तर तुमची जागाही डब्याबरोबर उलटी होते. डावी खिडकी उजवी होते आणि पुढे बघणारा प्रवासी मागे बघू लागतो. खऱ्या गाडीतही निम्मे बाक उलटेच असतात, म्हणून मी दोन्ही बाजूंना आणि दोन्ही तोंडांच्या मिळून चार जागा देतो. गाडी कशीही लागली तरी एक जागा मनासारखी मिळते.

ज्या डब्याला आतली जागाच नाही

मालडबे, ब्रेक व्हॅन आणि बरेच साधे प्रवासी डबे यांच्या वॅग फाइलमध्ये इनसाइड हा भागच नसतो. अशा डब्याला वर दिलेली जादा जागांची पद्धत लागू पडत नाही, कारण आधीची एक जागा असेल तरच सिम्युलेटर जादा जागा स्वीकारतो. तेव्हा आपल्या फाइलमध्ये आधी इनसाइड द्यायचा:

(ही पहिली ओळ रिकामी)
इन्क्लूड ( "../मूळफाइल.वॅग" )
वॅगन (
इनसाइड (
पॅसेंजरकॅबिनफाइल ( मॉडेलफाइल.एस )
पॅसेंजरकॅबिनहेडपॉस ( १.९ १.० ४.५ )
रोटेशनलिमिट ( ५० २७० ० )
स्टार्टडायरेक्शन ( १० -१२ ० )
)
)

पॅसेंजरकॅबिनफाइल म्हणजे आतून दिसणारं मॉडेल. ते वेगळं नसेल तर डब्याचं स्वतःचं मॉडेल द्या. त्याचं नाव मूळ वॅग फाइलमध्ये वॅगनशेप या ओळीत मिळेल. मात्र बाहेरून बनवलेल्या मॉडेलचे पृष्ठभाग एकाच बाजूने दिसतात. त्यामुळे कॅमेरा बंद डब्याच्या आत ठेवला तर भिंती दिसतच नाहीत, आरपार शेतं दिसतात. म्हणून असा कॅमेरा बाहेर ठेवायचा, किंवा मॉडेलमध्ये उघडी जागा असेल तिथे.

वरचे आकडे बोगीकडे, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीकडे, बघणाऱ्या कॅमेऱ्याचे आहेत. आयसीएफ डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर १४.७८३ मीटर, म्हणजे पुढच्या बोगीचा मध्य झेड ७.४ च्या जवळ येतो. कॅमेरा त्याच्या मागे तीन मीटरवर, ४.५ ला ठेवला, डब्याच्या उजव्या कडेच्या थोडा बाहेर काढला आणि नजर किंचित खाली व आत वळवली, की चाकं आणि स्प्रिंगा समोर येतात. सांध्यांवरून जाताना बोगी कशी हलते हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही. मालडब्यासाठी हेच करायचं, फक्त झेड त्या डब्याच्या लांबीप्रमाणे.

वाय १.० ठेवण्यामागे कारण आहे. आपल्याकडचे उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतात. कॅमेरा त्याच्या खाली नेलात तर प्रत्येक स्टेशनात तो फलाटाच्या पोटात शिरेल. एक मीटरवर ठेवला की फलाटाच्या वरून तरंगत जातो.

ब्रेक व्हॅनचा व्हरांडा ही मात्र खास जागा. तिथे उभ्या माणसाची उंची धरून वाय २.८, एक्स शून्याच्या आसपास आणि झेड मागच्या टोकापासून पाऊण मीटर आत घ्या. स्टार्टडायरेक्शनचा दुसरा आकडा १८० द्या, म्हणजे नजर मागे. लांब मालगाडी, मागे सरकत जाणारे रूळ, आणि सिग्नल एकेक करून दूर होत जातात. इंजिनापासून इतक्या दूर गाडीचा आवाजही वेगळा येतो.

इंजिनासाठी

ईएनजी फाइलमध्ये इंजिन नावाच्या भागात हेडआउट अशी ओळ असते. तिच्यात फक्त तीन आकडे, तेच एक्स, वाय, झेड. केबिनमध्ये असताना होम दाबलं की डोकं बाहेर काढून पुढे आणि एंड दाबलं की मागे बघता येतं. ही ओळच नसेल तर ही बटणं काही करत नाहीत. तेव्हा वरच्याच पद्धतीने आपल्या फाइलमध्ये वॅगनऐवजी इंजिन हा भाग घेऊन ती ओळ लिहायची. एक्स केबिनच्या खिडकीच्या किंचित बाहेर, वाय चालकाच्या बसल्या डोळ्याच्या उंचीला. डब्यापेक्षा इंजिनाच्या केबिनची जमीन उंच असते, त्यामुळे डब्याचा वाय इथे जसाच्या तसा उचलू नका.

थ्रीडी केबिन असेल तर ओआरटीएसथ्रीडीकॅब या भागात हेडपॉसची ओळ शोधा. चालकाची खुर्ची खाली वाटत असेल तर वाय पाच सेंटिमीटरने वाढवा. थ्रीडी केबिनला ऑल्ट आणि १ असं जावं लागतं. टूडी केबिन ही चित्रं असतात, तिथे जागा हलवता येत नाही.

कॅमेरा आला नाही तर

शिफ्ट आणि ५ दाबून काहीच झालं नाही तर आधी तुम्ही त्याच डब्यात आहात ना ते बघा. गाडीत दिसायला सारखे पण वेगवेगळ्या फाइलींचे डबे असतात. मग नाव तपासा: आतल्या फोल्डरमधली फाइल आणि मूळ फाइल यांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. मग कंस. तरीही सुटलं नाही तर डेस्कटॉपवर ओपनरेल्सलॉग नावाची मजकुराची फाइल तयार झालेली असते. पर्यायांमध्ये लॉगिंग चालू असेल तरच ती होते. ती उघडून तुमच्या डब्याचं नाव शोधा. न कळलेला शब्द किंवा न सापडलेली फाइल असेल तर तिथे ओळ क्रमांकासह इशारा मिळतो. नव्या माणसाला ही फाइल बघायची भीती वाटते, पण अर्ध्या तासाचं डोकं खाजवणं ती दोन मिनिटांत संपवते.

दृश्य आलं, पण सगळं काळं किंवा नुसती जमीन दिसते, असं झालं तर बहुधा वाय मीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये लिहिला गेला आहे, किंवा दशांश बिंदूच्या जागी स्वल्पविराम पडला आहे.

दुसऱ्याला देताना

जागा छान जमली की मित्रांना द्यावीशी वाटतेच. तेव्हा पूर्ण डबा पाठवू नका. मॉडेल आणि त्यावरची चित्रं ज्याने बनवली त्याची आहेत, आणि बरेच निर्माते पुन्हा वाटायची परवानगी देत नाहीत. तुमची ती छोटी फाइल मात्र तुमची आहे, ती खुशाल द्या. तिच्याबरोबर डब्याचं नाव, तो कुठून उतरवायचा, त्याची कोणती आवृत्ती, आणि प्रत्येक जागा कुणाची हे एका ओळीत लिहून द्या: "पहिली, डावी खिडकी, पुढे तोंड. दुसरी, उजवी खिडकी, मागे तोंड." निर्मात्याने पुढच्या आवृत्तीत बाक हलवले असतील तर घेणाऱ्याला निदान कोणता आकडा किती सरकवायचा एवढं तरी त्यावरून कळेल.